सोयरीक, वतन आणि गादी : महाराणी येसूबाईंच्या विवाहाचे विवेचन

शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांची मुलगी येसूबाई संभाजी महाराजांशी लग्न होऊन शिवाजी महाराजांच्या घरी सून म्हणून आली, आणि महाराजांची मुलगी राजकुंवरबाई पिलाजीरावांचा मुलगा गणोजी याच्याशी लग्न होऊन शिर्क्यांच्या घरी गेली. हे साटेलोटे होते. दोन्ही घरांत एकमेकांची एकेक लेक नांदत असली, की वाकडे पाऊल टाकण्यापूर्वी दोन्ही घरांना दहा वेळा विचार करावा लागतो. सतराव्या शतकातल्या मराठा सरदार घराण्यांना याहून भरवशाचा करार ठाऊक नव्हता. तरीही सुमारे पाव शतकाने हा करार मोडला, आणि तो मोडला त्या थंडीत संभाजी महाराज संगमेश्वरी कैद झाले.

करार मोडण्याचे कारण घरगुती रुसव्याफुगव्यात सापडत नाही. या सोयरिकीत वतनाचे एक कलम गुंतले होते आणि ते स्वराज्याच्या राज्यनीतीत बसणारे नव्हते, हे या लेखाचे पहिले प्रतिपादन. दुसरे असे की, माहेर शत्रूच्या गोटात गेल्यावर येसूबाईंनी रायगडावर जो निर्णय घेतला, त्यात माहेरचे हित नव्हते आणि पोटच्या मुलाचे तात्कालिक हितही नव्हते. राजकीय विवाह म्हणून या सोयरिकीचे मोल मोजायचे तर ते त्या निर्णयापाशीच मोजावे लागते.

शृंगारपूरच का?

रायगडावरून दक्षिणेकडे पाहिले, की महाडच्या सावित्रीचे खोरे दिसते आणि त्यापलीकडे पोलादपूरच्या डोंगररांगा. या टापूचा स्वभाव ठरलेला आहे. वर घाटमाथा, खाली खाडी, मध्ये अरुंद खोरे. सावित्री बाणकोटच्या खाडीला मिळते, वाशिष्ठी दाभोळच्या आणि शास्त्री जयगडच्या. ज्याच्या ताब्यात घाट आणि खाडी ही दोन्ही टोके, त्याच्या ताब्यात खोरे. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये मोऱ्यांची जावळी घेतली, त्याच वर्षी रायरी (पुढचा रायगड) घेतली, आणि पोलादपुराकडे उतरणारी पार घाटाची वाट, चंद्रगड, कांगोरी ही मोऱ्यांची सारी साखळी स्वराज्यात आली. वर प्रतापगड उभा राहिला. सावित्रीचे खोरे अशा रीतीने बांधले गेले.

दक्षिणेकडची वाशिष्ठी आणि शास्त्रीची खोरी मात्र मोकळी होती. प्रचितगडाच्या पायथ्याला शृंगारपूर, तिथे सूर्यराव सुर्वे राजा, आणि त्याच्या दरबारी शिर्के वजनदार. १६६१ च्या स्वारीत महाराजांनी शृंगारपूर घेतले आणि सुर्वे पळाला. मुलूख हाती आला. पण मुलखातली माणसे कुणाचे ऐकतात, हा प्रश्न तलवारीने सुटणारा नव्हता.

जावळीत तो तलवारीवरच सोडवला गेला होता आणि त्याची किंमत लगेच दिसली होती. प्रतापराव मोरे विजापूरला गेला आणि १६५९ मध्ये अफझलखानाच्या छावणीत दिसला. उखडलेले घराणे शत्रूचा वाटाड्या होते, कारण वाटा त्यालाच ठाऊक असतात. शृंगारपूरला म्हणूनच वेगळी रीत वापरली गेली. सुर्वे गेला; पिलाजीराव शिर्के स्वराज्याच्या चाकरीत आले आणि पुढच्या काही वर्षांत सोयरे झाले. महाराजांच्या राणी सगुणाबाई शिर्के घराण्यातल्याच होत्या आणि राजकुंवरबाई त्यांची मुलगी. म्हणजे राजकुंवरबाई आईच्या माहेरीच सून म्हणून गेल्या. आजोळच्या घरात लेक द्यायची ही मराठ्यांची ओळखीची रीत. इथे तिला दुसऱ्या बाजूने येसूबाईंची जोड मिळाली आणि नाते दुहेरी झाले.

महाराजांच्या घरातल्या विवाहांची यादी नकाशा समोर ठेवून वाचली, तर तिच्यातला विचार उलगडतो. फलटणचे निंबाळकर, मोहिते, पालकर, जाधव, गायकवाड, इंगळे, विचारे, शिर्के या घराण्यांतून राण्या आल्या. लेकी निंबाळकर, महाडिक, जाधव, पालकर, शिर्के यांच्याकडे गेल्या. सखुबाईंचा विवाह बजाजी निंबाळकरांचा मुलगा महादजी याच्याशी झाला, तो बजाजी मुसलमानी धर्मातून परत आल्यावर. पंगतीला कोण बसेल याची शंका असलेल्या घरात महाराजांनी आपली लेक दिली आणि शंका मिटवली. सोयरीक म्हणजे चारचौघांत दिलेली मान्यता, हे महाराज पक्के जाणून होते. शिर्क्यांच्या बाबतीत हीच मान्यता पराभूत बाजूच्या माणसाला मिळाली, आणि ती दोन्ही हातांनी.

आंदण म्हणून वतन

येसूबाईंच्या विवाहाचा विचार करताना राजकुंवरबाईंच्या विवाहाकडे अभ्यासक फारसे वळत नाहीत. खरे तर कराराची गाठ तिथे आहे.

राजकुंवरबाईंना मुलगा झाला, की दाभोळची देशमुखी त्याच्या नावे करू, असे वचन महाराजांनी शिर्क्यांना दिले होते, असे परंपरा सांगते. हे वचन नीट पाहावे. ते लेकीच्या पोटच्या मुलाला दिलेले आंदण होते. पण त्याला दोन अटी होत्या. मुलगा व्हायला हवा होता, आणि तोवर थांबायचे होते. आज मागितलेली गोष्ट उद्यावर, आणि उद्याची पुढच्या पिढीवर ढकलण्याचा हा मार्ग होता. महाराजांना शिर्क्यांना नाही म्हणायचे नव्हते आणि दाभोळही द्यायचे नव्हते, असे माझे वाचन आहे.

न देण्याची इच्छा समजण्यासारखी होती. वतनदारांबद्दल महाराजांचे धोरण सभासदाच्या बखरीत स्पष्ट आले आहे. देशमुख-पाटलांनी वाडे-हुडे बांधून बळजोर होऊ नये, रयतेकडून थेट वसूल करू नये, त्यांचा हक्क ठरावीक असावा. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांना राज्याचे लहान भागीदारच मानून सावध राहायला सांगितले आहे. दाभोळ म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरचे जुने बंदर. शृंगारपूरच्या डोंगरात ज्यांचा दरारा, त्यांच्याच हाती खाली खाडीची देशमुखी दिली, की घाट आणि खाडी ही दोन्ही टोके पुन्हा एका घराकडे जात होती. १६६१ मध्ये सुर्व्यांची जी सत्ता मोडली, ती सोयरिकीच्या वाटेने दुसऱ्या नावाने परत उभी राहिली असती.

शिर्क्यांची बाजूही पोकळ नव्हती. त्यांच्या दृष्टीने लेक दिली, लेक घेतली, चाकरी केली; या साऱ्याचे फळ घराण्याला कायमचे काय मिळाले? पगार माणसासोबत संपतो, वतन वंशाला मिळते. ज्या समाजात घराण्याची प्रतिष्ठा वतनावर मोजली जाई, तिथे नुसत्या पगारावर राजाचा व्याही समाधानी राहील, ही अपेक्षाच जड होती.

इथे युरोपातला एक दाखला उपयोगी पडतो. ब्रांडेनबुर्गच्या जर्मन घराण्यातली बार्बरा (१४२२–१४८१) ही १४३३ मध्ये मांतुआच्या गोंझागा घराण्यात लुदोविकोची बायको म्हणून गेली. त्याच वर्षी सम्राट सिगिसमुंडाने तिच्या सासऱ्याला मार्क्विस हा किताब दिला. म्हणजे या विवाहातही राजकीय मान्यता आणि सोयरीक एकाच वेळी हातात पडल्या. लुदोविको सेनापती म्हणून महिनोन्महिने मोहिमांवर असे आणि मांतुआचा कारभार बार्बरा पाही. तिची पत्रे मांतुआच्या दफ्तरात आजही वाचायला मिळतात. नवरा घोड्यावर आणि राज्याचा शिक्का बायकोच्या हाती, इतके येसूबाईंशी तिचे साम्य आहे. फरक असा की ब्रांडेनबुर्ग आणि मांतुआ यांच्यामध्ये आल्प्स पर्वत होता. सासरच्या जमिनीवर माहेरचा डोळा असण्याचा प्रश्नच नव्हता. शृंगारपूर आणि रायगड यांमध्ये फक्त दोन-तीन खोरी होती, आणि व्याह्यांना हवे असलेले बंदर त्याच खोऱ्यांच्या तोंडाशी होते. शेजारची सोयरीक लवकर उपयोगी पडते आणि लवकर उलटते.

सासर

रायगडावर बालेकिल्ल्यात राणीवशाची जोती ओळीने उभी आहेत. ती शोधावी लागत नाहीत. छपरे गेली, भिंती गेल्या. राहिली ती दगडी बैठक आणि प्रत्येक दालनाच्या मागे भिंतीत घडवलेली शौचकुपे, पाणी बाहेर काढणाऱ्या पन्हळींसह. सतराव्या शतकातल्या डोंगरी किल्ल्यावर राजस्त्रियांच्या रोजच्या जगण्याचा इतका उघड पुरावा क्वचित मिळतो. गडाखाली पाचाडला जिजाबाईंचा वाडा आहे. गडावरचा वारा आणि पाऊस उतारवयात मानवत नाही म्हणून त्यांच्यासाठी तो खाली बांधला, असे सांगतात. राज्याभिषेकानंतर बारा दिवसांतच, १७ जून १६७४ ला, त्यांचे तिथे देहावसान झाले.

येसूबाईंच्या दृष्टीने या गडाची आणखी एक बाजू होती. रायगडाची देवता शिरकाई. तिचे देऊळ आजही गडावर आहे, आणि परंपरेने ती शिर्क्यांची देवी मानली जाते. हा डोंगर एके काळी शिर्क्यांचा होता, अशी या भागातली समजूत आहे. सासरच्या राजधानीत माहेरच्या घराण्याची देवी आधीपासून बसलेली. शिर्क्यांच्या मनात या मुलखाविषयी किती जुना हक्क रुजला असेल याची कल्पना त्यावरून येते.

येसूबाईंचा संसार मात्र केवळ रायगडावर झाला नाही. ऑक्टोबर १६७६ मध्ये महाराज कर्नाटकाकडे निघाले तेव्हा युवराज संभाजींना प्रभावळी सुभ्याच्या कारभारावर शृंगारपूरला ठेवले होते. धाकटे पुत्र राजाराम आणि त्यांच्या आई सोयराबाई रायगडावर, युवराज सासुरवाडीच्या गावी. घरातले ताण कमी करण्याचा हा तोडगा असेल. पण त्याचा परिणाम असा झाला की शिर्क्यांनी भावी छत्रपतीला दीड-दोन वर्षे आपल्या अंगणात पाहिले. व्याह्यांच्या अपेक्षा या काळात वाढल्या नसतील तरच नवल.

३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. सोयराबाई आणि काही मंत्र्यांनी राजारामांना गादीवर बसवले. या प्रसंगी सोयराबाईंचे भाऊ, सरसेनापती हंबीरराव मोहिते, संभाजींच्या बाजूला गेले आणि निकाल लागला. हंबीररावांनी सख्ख्या बहिणीच्या मुलाऐवजी वडील वारसाचा हक्क मानला. आठ वर्षांनी त्याच वाड्यातल्या दुसऱ्या राणीच्या भावाने, गणोजी शिर्क्याने, उलट केले. या दोन भावांना शेजारी ठेवले तर फरक स्वभावाचा वाटतो, पण मला तो स्थानाचा वाटतो. हंबीररावांची सारी प्रतिष्ठा राज्याच्या फौजेतून आलेली होती. राज्य दुभंगले असते तर तीही दुभंगली असती. गणोजीची प्रतिष्ठा त्याच्या डोंगरातून आलेली होती, राज्य येवो वा जावो, ती त्याच्यापाशीच राहणार होती. सोयरीक दोघांनाही बांधून ठेवू शकत नव्हती. एकाला राज्याने बांधले होते, दुसऱ्याला कशानेच नाही.

शिक्का

१६ जानेवारी १६८१ ला संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतरची आठ वर्षे सततच्या लढाईची. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, आणि १६८२ पासून दख्खनेत येऊन बसलेला औरंगजेब. छत्रपती गडावर क्वचितच स्थिर असत. त्यांच्या गैरहजेरीत कारभार अडू नये म्हणून येसूबाईंना कुलमुखत्यारी दिली होती आणि त्यांचा स्वतंत्र शिक्का होता, ‘श्री सखी राज्ञी जयति’. राणीला असा अधिकार देऊन तो शिक्क्याने उघड करणे ही मोठी गोष्ट होती. अंतःपुरातून पडद्याआड सल्ला देणे वेगळे, आणि कागदावर आपल्या मुद्रेने हुकूम देणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला जबाबदारी चिकटते. हिशेब राणीलाही द्यावा लागतो.

१८ मे १६८२ ला रायगडाच्या उत्तरेला माणगावजवळच्या गांगवली गावी शाहूंचा जन्म झाला. शिर्क्यांच्या रक्ताचा वारस आता गादीच्या वाटेवर होता. साट्यालोट्याचा हिशेब शिर्क्यांच्या बाजूने इथे पूर्ण जुळला होता: त्यांचा भाचा छत्रपती होणार होता. दाभोळ मात्र मिळाले नव्हते. गणोजीने वचनाची आठवण दिली आणि संभाजी महाराजांनी नकार दिला, असे सांगतात. भाच्याची गादी दूर होती, दाभोळ डोळ्यांसमोर होते.

संभाजी महाराजांच्या या नकाराला हट्ट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो वडिलांच्याच धोरणाचा पुढचा भाग होता. चूक कुठे शोधायची असेल तर ती त्याआधीच्या वचनात शोधावी. ज्या राज्याने वतने न वाढवण्याचे ठरवले, त्याने सोयरिकीच्या तोंडी बोलीत वतन घालायला नको होते. वडिलांनी लांबणीवर टाकलेला निर्णय मुलाच्या वाट्याला आला, तोही औरंगजेब दारात असताना.

जेधे शकावली हे त्या काळाचे कोरडे पण विश्वासार्ह टिपण. १६८८ च्या अखेरीस शिर्के आणि संभाजी महाराजांचा विश्वासू कवी कलश यांच्यात लढाई झाली, कवी कलश खेळणा किल्ल्यावर (विशाळगडावर) गेला, आणि स्वतः संभाजी महाराज रायगडाहून येऊन शिर्क्यांवर चालून गेले, असा क्रम तीत येतो. जावई सासुरवाडीवर तलवार घेऊन गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ फेब्रुवारी १६८९ रोजी, मोगल सरदार मुकर्रबखानाने संगमेश्वरला छत्रपतींना पकडले. खानाला वाट कुणी दाखवली याविषयी शतकानुशतके बोलले जाते आणि गणोजीचे नाव घेतले जाते. मला त्यापेक्षा एक भौगोलिक वस्तुस्थिती जास्त बोलकी वाटते. संगमेश्वर शिर्क्यांच्या मुलखाला लागून आहे, आणि नेमक्या त्या हिवाळ्यात तो मुलूख छत्रपतींचा राहिला नव्हता. सोयरिकीने जो डोंगर पाठीशी घेतला होता तो तिथे नव्हता. त्यासाठी फितुरीचा वेगळा पुरावा लागत नाही.

रायगडावरचा निर्णय

फेब्रुवारी १६८९ च्या त्या दिवसांत गडावर दोन वारस होते. शाहू, वय सात पुरे व्हायचे. राजाराम, वय एकोणीस. राजाराम आतापर्यंत जवळजवळ नजरकैदेत होते. संभाजी महाराज जिवंत होते पण शत्रूच्या हाती होते. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. येसूबाईंसमोरचे पर्याय मोजून पाहण्यासारखे आहेत.

पहिला पर्याय शाहूला गादीवर बसवून आपण त्याच्या नावे कारभार करण्याचा. शिक्का हाती होता, सवय होती, वंशाचा हक्क होता. युरोपात काय किंवा हिंदुस्थानात काय, विधवा राणीने निवडण्याचा हा ठरलेला मार्ग. अकरा वर्षांनी राजारामांच्या राणी ताराबाईंनी आपल्या मुलासाठी हाच निवडला आणि राज्य तारले, त्यामुळे तो मार्ग मुळात चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. पण १६८९ मध्ये छत्रपती घोड्यावर बसू शकणारा हवा होता. सात वर्षांचे मूल गडावरून हलवायचे, तर सगळे राज्यच त्याच्या पालखीमागे हलवावे लागले असते.

येसूबाईंनी दुसरा पर्याय निवडला. ज्या सासूने आपल्या नवऱ्याला गादीपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला तिच्या मुलाला त्यांनी पुढे केले. राजारामांचे मंचकारोहण झाले. गादी राजारामांची, हक्क शाहूंचा, अशी मांडणी झाली. आणि पुढचा भाग असा की सगळ्यांनी एका गडावर अडकून पडू नये. राजारामांनी बाहेर पडून मुलखात फिरावे, आणि येसूबाईंनी शाहूसह रायगडावर राहून तो लढवावा.

चिटणिसांच्या बखरीत या मसलतीचे येसूबाईंच्या तोंडचे भाषण आहे. ती बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली, म्हणून भाषणातला शब्द न् शब्द खरा मानू नये. पण निर्णयाचा अर्थ पुढच्या कृतींवरून तपासता येतो. राजारामांनी स्वतः १६९७ मध्ये शंकराजी नारायण सचिवांना लिहिलेल्या पत्रात मूळ अधिकारी शाहूच आहेत आणि आपण करतो ते त्यांच्यासाठीच, अशा आशयाची कबुली आहे. गादीवर आठ वर्षे बसलेला, स्वतःला मुलगे असलेला राजा असे लिहितो, तेव्हा रायगडावर काहीतरी पक्के ठरले होते असे मानावे लागते.

आता ही मांडणी भूगोलावर ठेवून पाहू. २५ मार्चला मोगल सरदार इतिकादखानाने गडाला वेढा घातला. ५ एप्रिलला राजाराम निसटून प्रतापगडाकडे गेले. रायगड ते प्रतापगड म्हणजे काळ नदीच्या खोऱ्यातून सावित्रीच्या खोऱ्यात आणि पोलादपूरच्या अंगाने घाट चढून वर. हाच टापू, जो १६५६ मध्ये मोऱ्यांकडून घेतला होता, त्या आठवड्यात राज्याचा जीव वाचवायला कामी आला. वरच्या गडावर राजस्त्रिया आणि वारस असल्यामुळे खानाला वेढा सोडता येईना. मग पावसाळा लागला. महाड-पोलादपुरात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. जुलै २०२१ मध्ये इथल्या नद्यांनी आणि डोंगरांनी काय केले ते या तालुक्यांनी सोसले आहे. तशा पावसात मोगली फौज गडाखाली बसून राहिली. राजाराम प्रतापगडावरून पन्हाळ्याला आणि तिथून वेषांतर करून जिंजीकडे गेले. ते तिथे पोचले त्या नोव्हेंबरच्या सुमारासच, ३ तारखेला, रायगड पडला. वेढ्याचे सात महिने ही येसूबाईंनी राजारामांना मिळवून दिलेली मुदत होती. गड घेतल्याबद्दल इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. गड पडण्याच्या कथेत सूर्याजी पिसाळाचे नाव येते, आणि तिथेही आमिष सांगितले जाते ते वाईच्या देशमुखीचे. दाभोळ काय, वाई काय, आमिष वतनाचेच.

ओलीस

येसूबाई, शाहू, शिवाजी महाराजांच्या राणी सकवारबाई आणि इतर मंडळी औरंगजेबाच्या छावणीत गेली. शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब मिळाली. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने या कुटुंबावर माया केली, याचा उल्लेख मराठी आणि फारसी दोन्ही परंपरांत आहे. छावणी फिरत राहिली, कैदी तिच्यासोबत फिरत राहिले. येसूबाईंनी चिंचवडच्या देवांना आपली पैशांची अडचण कळवली होती. राजाची राणी कर्जासाठी लिहिते, एवढ्यावरून मनसबीचा थाट आणि घरखर्चाची वास्तवता यांतले अंतर कळते.

बादशहानेही सोयरिकीचे हत्यार वापरून पाहिले. छावणीतच शाहूंची लग्ने लावली गेली, एक कण्हेरखेडच्या शिंद्यांच्या मुलीशी आणि एक सिंदखेडच्या जाधवांच्या. सिंदखेड म्हणजे जिजाबाईंचे माहेर. घराणी निवडताना बादशहाच्या सल्लागारांनी मराठ्यांची नात्यांची वीण नीट अभ्यासली होती. येसूबाईंनी या लग्नांत सासू म्हणून काय पाहिले असेल? मुलगा बादशहाचा कैदी असला तरी त्याचे घर मराठ्यांतच राहिले, ही त्यातली जमेची बाजू.

२० फेब्रुवारी १७०७ ला औरंगजेब अहमदनगरला वारला. त्याचा मुलगा आझमशहा याने उत्तरेकडे जाताना मे महिन्यात शाहूंना सोडले, आई आणि इतरांना ठेवून घेतले. मुलगा राजा होईल आणि आई दिल्लीत राहील, म्हणजे तो फार दूर जाणार नाही, असा हिशेब होता. इकडे ताराबाईंनी शाहूंचा हक्क नाकारला. राज्य संभाजींच्या हातून गेले, राजारामांनी नव्याने मिळवले, म्हणून ते राजारामांच्या वंशाचे, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद सामर्थ्याचा होता. त्याला उत्तर रायगडावरच्या १६८९ च्या निर्णयातच होते. राजाराम विश्वस्त म्हणून गादीवर बसले असतील, तर मिळवलेलेही विश्वस्त म्हणूनच मिळवले. १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडच्या लढाईत आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्याच्या राज्याभिषेकात शाहूंची बाजू सिद्ध झाली. तलवार धनाजी जाधव आणि बाळाजी विश्वनाथ यांनी फिरवली; तिला न्यायाची धार त्या जुन्या निर्णयाने दिली.

येसूबाई आणखी बारा वर्षे दिल्लीच्या ताब्यात राहिल्या. दिल्ली दरबारातल्या सय्यद बंधूंना मराठ्यांच्या फौजेची गरज पडली तेव्हा बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले. १७१९ मध्ये चौथ, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा मिळाल्या, आणि त्याच व्यवहारात राजमातेची सुटका. इतिहासाच्या पुस्तकांत सनदांना पाने मिळतात आणि सुटकेला एक ओळ. साताऱ्याच्या दरबारात मात्र दोन्ही गोष्टी एकच होत्या, कारण आई ओलीस असेपर्यंत शाहूंच्या प्रत्येक चालीला दिल्लीची दोरी होती. ४ जुलै १७१९ ला येसूबाई साताऱ्याला पोचल्या. रायगड सोडल्याला तीस वर्षे होत आली होती, आणि रायगड अजून परकाच होता; तो १७३३ मध्ये परत आला.

दुसरे अर्धे

साट्यालोट्याच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल, राजकुंवरबाईंबद्दल, कागद जवळजवळ गप्प आहेत. भाऊ छत्रपती, नवरा भावाविरुद्ध उभा. त्यांनी काय केले, कुणाला काय सांगितले, हे कुणी टिपले नाही. काव्येही गप्पच आहेत. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवचरित्राचे संस्कृत काव्य त्यांनी रचले आणि त्यांच्या घराण्यात संभाजी महाराजांच्या काळावरही काव्य रचले गेले. लढाया, मसलती, रुसवे तिथे आहेत. देवघेवीत गेलेल्या लेकींचे मन त्या काव्याचा विषय नव्हता. येसूबाई कागदावर येतात त्या शिक्क्यामुळे आणि कैदेमुळे. राजकुंवरबाईंपाशी या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

दाभोळच्या कलमाची अखेर मात्र सांगितली जाते. जिंजीला झुल्फिकारखानाचा वेढा पडला होता आणि गणोजी शिर्के त्याच फौजेत होता. राजारामांना बाहेर काढायला त्याची मदत हवी होती. खंडो बल्लाळ चिटणिसांनी दाभोळकडचे आपले वतन त्याला लिहून दिले आणि मार्ग मोकळा झाला, असे चिटणिसांची बखर सांगते. सांगणारा खंडो बल्लाळांच्याच वंशातला, हे ध्यानात ठेवावे. तरी या कथेतला व्यवहार कराराच्या मूळ दोषाशी तंतोतंत जुळतो. जे राज्याने तीन दशके दिले नाही, ते चाकराने स्वतःच्या पदरचे देऊन फेडले, आणि शिर्क्याने ते घेताच मेहुण्याला वाट दिली.

पुढे साताऱ्यात स्थिर झाल्यावर शाहूंनी ज्या दोन राण्यांसोबत आयुष्याचा मोठा काळ काढला, त्यांतल्या सगुणाबाई मोहित्यांच्या आणि सकवारबाई शिर्क्यांच्या घराण्यातल्या होत्या.